उदबत्ती विझेपर्यंत थांबू नका : गोव्यातील मुख्याध्यापकांना खुले पत्र

प्रति,
गोव्यातील शाळांचे मुख्याध्यापक, शिक्षक आणि पालक-शिक्षक संघ

विषय : तिसरीतल्या एका मुलीची फिटच्या औषधाची बाटली, जी शाळेने ठेवून घेतली नाही

सन्माननीय सर आणि बाई,

मी डिचोलीत फार्मसी चालवते. जूनमध्ये शाळा सुरू होऊन तीनेक दिवस झाले असतील. बाहेर धो धो पाऊस. एक गृहस्थ रेनकोट न काढताच काउंटरशी आले आणि प्लॅस्टिकच्या पिशवीतून एक खोका काढून ठेवला. मिडाझोलामचा नेझल स्प्रे, म्हणजे नाकात मारायचा फवारा. आठवड्यापूर्वी मीच दिला होता. सीलही तुटलं नव्हतं.

“पैसे परत द्या म्हणत नाही,” ते म्हणाले. “पण शाळा ठेवून घेत नाही. आमच्याकडे असलं काही नको, फिट आली तर तुम्हाला फोन करू, म्हणतात. मी कुंडईच्या वसाहतीत कामाला. शिफ्टला फोन लॉकरमध्ये असतो.”

थोडा वेळ ते तिथेच उभे राहिले, मग म्हणाले, “घरापेक्षा तुमचं दुकान शाळेला जवळ. तुमच्याकडेच राहू दे का?”

राहू दिली. नियमात बसत नाही हे मला ठाऊक आहे, तरी राहू दिली. शाळेचं नाव मी सांगणार नाही. त्या मुख्याध्यापिका वाईट नाहीत, घाबरलेल्या आहेत, आणि त्यांच्यासारख्या घाबरलेल्या शाळा गोव्यात एकदोनच असतील असं मला वाटत नाही. म्हणून हे पत्र सगळ्यांनाच लिहिते आहे.

माझ्या भीतीचं मूळ सांगते. माझा धाकटा भाऊ दोन वर्षांचा असताना, १९८१ च्या पावसाळ्यात, सत्तरी तालुक्यातल्या आमच्या वाड्यावर त्याला तापात आकडी आली. घरात घड्याळ नव्हतं. बाबा कामाला गेले होते. आजीने देव्हाऱ्यात उदबत्ती लावली, गावच्या राखणदार देवाला नारळ बोलली, कोणी कांदा फोडून नाकाशी धरला, कोणी हातात किल्ली दिली. आजी पुढे कित्येक वर्षं ही गोष्ट सांगायची आणि दर वेळी वाक्य तेच असायचं, “उदबत्ती विझली, पण पोराची आकडी काही थांबली नाही.” एक उदबत्ती जळायला अर्धा-पाऊण तास लागतो. फार्मसी शिकायला लागल्यावर मी हा हिशेब केला आणि त्या रात्री मला झोप लागली नाही.

कारण सांगते, आणि त्यासाठी थोडं मेंदूत शिरावं लागेल. शिक्षकांना ते जड जाऊ नये.

मेंदूच्या पेशी एकमेकींशी रसायनांनी बोलतात. ग्लुटामेट म्हणतं “हां, पुढे”, गॅबा म्हणतं “पुरे आता”. फिटमध्ये असंख्य पेशी एकाच ठेक्यात ओरडायला लागतात. शिगम्यातलं रोमट, म्हणजे ढोल-ताशांची मिरवणूक, अंगणात शिरलं की घरातल्या माणसाला घरातल्याचं बोलणं ऐकू येत नाही, तशी गत. बहुतेक वेळा दोन-तीन मिनिटांत गॅबाचं चालतं, ओरडा थांबतो आणि मूल दमून झोपतं. हे पालकांसाठी मुद्दाम लिहिते. अशा छोट्या फिटने मेंदू “जळत” नाही. दर फिटला मुलाची बुद्धी कमी होते असं समजून रडणाऱ्या आया मी पाहिल्या आहेत.

लांबलेल्या फिटची गोष्ट मात्र वेगळी. तिच्यात पेशी मरतात हे जुन्या डॉक्टरांनाही दिसलं होतं. विल्हेल्म झोमर या जर्मन डॉक्टरांनी १८८० सालीच अपस्माराने मेलेल्यांच्या मेंदूत एक ठरावीक भाग रोडावलेला असतो असं लिहून ठेवलं. तो भाग म्हणजे हिप्पोकॅम्पस. या शब्दाचा अर्थ समुद्रघोडा. रांपणीच्या जाळ्यात कधीमधी सापडतो तोच, वळलेल्या शेपटीचा. कानाच्या आतल्या बाजूला, दोन्हीकडे एकेक असे दोन समुद्रघोडे आपल्या प्रत्येकाच्या मेंदूत असतात. तुम्ही आज फळ्यावर शिकवलेला धडा उद्या मुलाला आठवतो तो त्यांच्या जोरावर. १९५३ साली अमेरिकेत हेन्री मोलेसन नावाच्या तरुणाच्या फिट थांबाव्यात म्हणून दोन्ही बाजूंचा हा भाग बराचसा काढून टाकला. फिट कमी झाल्या, पण २००८ साली मरेपर्यंत त्याला नवीन काही लक्षात ठेवता आलं नाही. डॉक्टर खोलीबाहेर जाऊन परत आले की त्याच्यासाठी ते नवे माणूस.

आता मुद्द्याचा प्रश्न. लांबलेल्या फिटमध्ये पेशी कशाने मरतात? समजूत अशी होती की श्वास अडकतो, प्राणवायू कमी पडतो, अंग तापतं, म्हणून. लंडनच्या ब्रायन मेल्ड्रम यांनी १९७३ साली हे बबून माकडांवर तपासलं. स्नायू औषधाने सैल केले, श्वास यंत्रावर ठेवला. अंग हलत नव्हतं, प्राणवायू कमी पडू दिला नव्हता. मेंदूत मात्र फिट तासन्‌तास चालू होती. (असले प्रयोग वाचताना मला त्रास होतो. पण त्यांतून कळलेलं वाया घालवणं आणखी वाईट.) शेवटी बघितलं तर समुद्रघोड्यातल्या पेशी तरीही मेलेल्या. म्हणजे मुलाचा श्वास ठीक चालला आहे, तेव्हा थांबून बघू, असं म्हणण्यात अर्थ नाही. पेशीचं स्वतःचं ओरडणंच तिला मारतं.

तेही कसं, याचा धागा १९६९ मध्ये सेंट लुईसच्या जॉन ओल्नी यांना सापडला होता. त्यांनी नवजात उंदरांना सोडियम ग्लुटामेट टोचलं आणि त्यांच्या मेंदूतल्या पेशी मेल्या. ग्लुटामेट अति झालं की पेशीची दारं उघडीच राहतात, कॅल्शियम आत लोटतं आणि पेशीला ऊर्जा पुरवणारी आतली यंत्रणाच कोलमडते. सोडियम ग्लुटामेट म्हणजे आपलं अजिनोमोटो. लगेच गाड्यावरच्या गोबी मंच्युरियनकडे बोट दाखवू नका. खाल्लेलं ग्लुटामेट रक्तातून मेंदूत सहज शिरत नाही, आणि म्हापशात २०२४ साली गोबीवर बंदी आली ती रंगामुळे आणि अस्वच्छतेमुळे, फिटमुळे नव्हे.

या शोधांनंतर पेशी वाचवण्याची धडपड सुरू झाली, ती अजून चालू आहे. स्टॅनफर्डच्या रॉबर्ट सापोल्स्की यांची १९९० च्या दशकातली कल्पना मला फार आवडते. ओठावर फोड आणणारा हर्पिसचा विषाणू पांगळा करायचा, पेशीत ग्लुकोज नेणारं जनुक त्याच्या पाठीवर लादायचं आणि त्याला उंदराच्या समुद्रघोड्यात सोडायचं. मग फिट आणणारं विष दिलं तरी तिथल्या पेशी जास्त संख्येने तगल्या. शत्रूच्याच घोड्यावरून रसद पाठवावी तसं. पण सुई थेट मेंदूत. तिसरीतल्या पोरीला हे कोण देणार आणि कधी?

दुकानात लोक मोबाईलवर बातमी दाखवत येतात, “मेंदूच्या पेशी वाचवणारी गोळी आली म्हणे.” अपघातात डोकं आपटलेल्या मुलाचे वडील हमखास. त्यांना मी टेमकिनबाईंचं सांगते. नॅन्सी टेमकिन आणि सहकाऱ्यांनी सिएटलमध्ये डोक्याला जबर मार लागलेल्या ४०४ रुग्णांपैकी निम्म्यांना फेनिटॉइन हे फिटचं औषध दिलं, निम्म्यांना नुसती नावाची गोळी. १९९० साली निकाल छापला. पहिल्या आठवड्यातल्या फिट औषधाने कमी झाल्या. पुढे महिन्या-वर्षांनी जडणारा अपस्मार मात्र टळला नाही. उंदरांत जमलेलं माणसांत जमत नाही, असं या विषयात कितीदा तरी झालं आहे. ब्रेन टॉनिक म्हणून ज्या बाटल्या विकल्या जातात त्यांनी पेशी वाचत नाहीत. हे मी माझ्याच धंद्याच्या मुळावर येऊन लिहिते आहे.

मग आज हातात काय आहे? फिट लवकर थांबवणं. पेशी वाचवायचा याहून खात्रीचा उपाय सध्या तरी माझ्या कपाटात नाही.

आणि लवकर म्हणजे किती लवकर, याचं उत्तर लॉस एंजेलिसच्या क्लॉड वास्टरलेन यांच्या प्रयोगशाळेने दिलं. मिडाझोलाम, डायझेपाम ही औषधं गॅबाच्या मदतीने काम करतात. पेशीच्या पृष्ठभागावर गॅबाची एक कडी असते असं समजा. गॅबाने ती वाजवली की आतून “पुरे” होतं, आणि औषध त्या वाजवण्याला जोर देतं. वास्टरलेन, नेलर आणि सहकाऱ्यांनी २००५ साली उंदरांत दाखवलं की फिट लांबत गेली की पेशी या कड्याच काढून आत ठेवते. शिवाय ग्लुटामेटची दारं बाहेर वाढतात. औषध दाराशी येतं आणि वाजवायला कडीच नाही. पाचव्या मिनिटाला एका फवाऱ्यात थांबली असती ती फिट पाऊण तासाने हॉस्पिटलात शिरेतून दिलेल्या औषधालाही दाद देत नाही, हे डॉक्टर रोज बघायचे. त्याच्या कारणांतलं एक त्यांनी शोधून दिलं.

म्हणून २०१५ मध्ये अपस्माराच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने, इंटरनॅशनल लीग अगेन्स्ट एपिलेप्सीने, मोठ्या फिटसाठी दोन आकडे ठरवून दिले. ५ मिनिटं आणि ३० मिनिटं. पाच मिनिटांत थांबली नाही तर ती आपोआप थांबेल याची वाट बघू नका, औषध द्या. तिसाव्या मिनिटापासून पेशी मरण्याचा, कायमच्या नुकसानीचा धोका धरायचा. पाच म्हणजे शाळेच्या गजरापासून प्रार्थनेच्या रांगा लागेपर्यंतचा वेळ. तीस म्हणजे साधारण आजीची उदबत्ती.

आमच्या वाड्यावरून आज १०८ ला फोन केला तर गाडी येते, वाळपईला आरोग्य केंद्र आहे. पण वाळपईहून बांबोळीच्या मोठ्या सरकारी हॉस्पिटलचा रस्ता अजून तासाभराचा तरी आहे, आणि कोणतीही गाडी, कितीही झटपट निघाली तरी, पाच मिनिटांत सत्तरीच्या वाड्यावर पोचणार नाही. पाच मिनिटांत पोचणारं माणूस एकच. वर्गातली टीचर.

“आम्ही डॉक्टर नाही,” असं तुम्ही म्हणाल. बरोबर. म्हणूनच मला १९९९ सालचा एक अभ्यास सांगायचा आहे. इंग्लंडमधल्या एका निवासी शाळेत, जिथे अपस्मार असलेली मुलंच शिकतात, पाच मिनिटांहून लांबलेल्या फिटसाठी दोन औषधांची तुलना केली. गालात सोडायचं मिडाझोलाम आणि गुदद्वारातून द्यायचं डायझेपाम. मिडाझोलामने ४० पैकी ३० फिट थांबल्या, डायझेपामने ३९ पैकी २३. प्रयोग झाला तो शाळेत. शिवाय वर्गातल्या चाळीस मुलांसमोर कोणा मुलाची चड्डी उतरवावी लागत नाही, यासाठी तरी त्या गालातल्या औषधाचे आणि पुढे आलेल्या नाकातल्या फवाऱ्याचे आभार माना.

फवारा मारायला कौशल्य लागत नाही. सर्दीचा फवारा मारलेला कोणीही मारू शकतो. मात्र हे औषध कोणालाही, कुणाच्याही बाटलीतून द्यायचं नाही. ते शेड्यूल एच-१ या सरकारी यादीतलं आहे. मी ते प्रिस्क्रिप्शन बघून देते, रुग्णाचं आणि डॉक्टरांचं नाव वेगळ्या रजिस्टरात लिहिते आणि ते रजिस्टर तीन वर्षं जपते. किती फवारे ते डॉक्टर मुलाच्या वजनावरून ठरवतात. जास्त दिलं तर श्वास मंदावू शकतो, म्हणून दिल्यावर मुलाजवळ बसायचं, श्वासाकडे बघायचं आणि १०८ ला फोन लावलेला असायचा. माझी मागणी एवढीच आहे. ज्या मुलाला डॉक्टरांनी हे लिहून दिलं आहे त्याची बाटली, त्याच्या नावाची, त्याच्या पालकांच्या पत्रासह, ऑफिसच्या कपाटात ठेवा. सोबत डॉक्टरांनी लिहिलेला एक कागद. कपाटाची किल्ली एकट्या मुख्याध्यापकांच्या खिशात नको, कारण मुख्याध्यापक मीटिंगला पणजीला गेलेले असतात.

बाकी मुलांसाठी बाटलीही लागत नाही, घड्याळ लागतं. मूल पडलं की आधी घड्याळ बघा. डोक्याखाली दप्तर सारा, कॉलर सैल करा, कुशीवर वळवा. तोंडात चमचा, रुमाल, बोट, पाणी काहीही घालू नका. जीभ कोणी गिळत नाही. हातपाय दाबून धरू नका. चप्पल हुंगवू नका. कांदा माटवात राहू दे. पाच मिनिटं झाली, किंवा शुद्धीवर न येताच दुसरी आली, किंवा डोक्याला लागलं, तर १०८. नारळ राखणदाराला संध्याकाळी द्या, मी अडवत नाही.

आणि पडत नाही अशीही फिट असते. माझ्या भावाची तशीच होती. दहाव्या वर्षी त्याला वर्गात असं व्हायला लागलं. पोटातून काहीतरी वर चढल्यासारखं वाटायचं, मग तो टक लावून बघत राहायचा, ओठ चघळायचा, शर्टाचं दुसरं बटण चाचपायचा. एक-दीड मिनिट. हाक मारली तरी नाही. मास्तरांना वाटलं वाकुल्या दाखवतो. पट्टीचे मार खाल्ले त्याने त्यासाठी. एके दिवशी तो त्याच अवस्थेत वर्गातून उठून चालायला लागला आणि विहिरीच्या कठड्यापाशी सापडला. दुसऱ्या दिवशी बाबांना बोलावून सांगितलं, “पोराला घरी ठेवा, आमच्यावर नको.” त्याची शाळा तिथे संपली. पाचवीत.

२००३ मध्ये एमआरआय झाला. उजवा समुद्रघोडा सुकून आक्रसलेला. तापातली फिट लांबली तर काही मुलांत पुढे असं होतं. डॉक्टरांनी बाबांना विचारलं, “लहानपणी कधी खूप वेळ आकडी आली होती का?” बाबांनी माझ्याकडे बघितलं. त्रिवेंद्रमच्या श्री चित्रा संस्थेत १९९५ पासून अशा रुग्णांची ऑपरेशनं होतात. तिथे २००४ साली त्याचं झालं. मोलेसनची गोष्ट वाचलेली असल्यामुळे मी महिनाभर नको नको म्हणत होते. तिथल्या डॉक्टरांनी समजावलं की डावी बाजू शाबूत आहे याची खात्री केल्याशिवाय ते हात लावत नाहीत. त्यानंतर त्याला फिट नाही. कुळागर सांभाळतो, सुपारीचा हिशेब चोख ठेवतो, रस्ते मात्र विसरतो. पाचवीनंतरचं शिक्षण कुठल्याच ऑपरेशनने परत जोडता आलं नाही.

गोळ्यांचं थोडं. जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्यानुसार नीट निदान आणि नीट औषध मिळालं तर अपस्माराच्या ७० टक्के लोकांची फिट पूर्ण थांबू शकते. “नीट” या शब्दातच सगळी मेख आहे. माझ्याकडे लोक स्ट्रिप कात्रीने कापून पाच गोळ्या मागतात. सोमवारचा उपास म्हणून गोळी सोडतात. सहा महिने फिट नाही म्हणून आपणच बंद करतात. दर गणेश चवथीनंतर एक तरी जण येतो. गावच्या घरी गेलो, गोळ्या इथेच राहिल्या, त्यात दोन रात्री भजनाची जागरणं. गोळी चुकणं आणि झोप मोडणं, दोन्ही फिटला आवतण. तुमच्या सहलीच्या आणि स्नेहसंमेलनाच्या पत्रात “कोणती गोळी, किती वाजता” अशी एक ओळ घाला. फुकट आहे.

पालक तुमच्यापासून आजार लपवतात अशी तक्रार मी शिक्षकांकडून ऐकली आहे. लपवतात, खरंच. मुलगी असेल तर जास्तच. १९९९ साली देशातल्या विवाह कायद्यातून अपस्माराची अट काढून टाकली. गोव्यात लग्नाचा कायदा वेगळा आहे, पण सोयरीक मोडायला कायदा कुठे लागतो? वर्गात कळलं की वाड्यावर कळतं. बाटली नाकारणारी शाळा त्या बापाला हेच शिकवते की पुढच्या वेळी सांगू नकोस.

ती बाटली अजून माझ्याकडे आहे, काउंटरच्या दुसऱ्या ड्रॉवरमध्ये. लेबलवर मुलीचं नाव मीच लिहिलं. शाळा दुकानापासून चालत चार मिनिटांवर आहे. मी एकदा छत्री घेऊन, घड्याळ लावून चालून बघितलं. पावसात साडेचार. त्याआधी टीचरला फोन शोधायचा, नंबर शोधायचा. पाचाच्या आत बसत नाही, कसंही केलं तरी.

एक वाजता डिचोलीतली दुकानं बंद होतात, चारला उघडतात. ती शाळा दीडला सुटते, म्हणून जूनपासून मी दीडपर्यंत शटर ओढत नाही. तुमच्यापैकी कोणाला फवारा कसा मारायचा ते बघायचं असेल तर माझ्याकडे एक रिकामी बाटली आहे, तिच्यात पाणी भरून दाखवते, दहा मिनिटांचं काम. दुपारी आलात तरी चालेल. मागच्या दाराची कडी वाजवा.

आपली,
डिचोलीतील एक फार्मासिस्ट